चौऱ्याण्णव बावीस

आईचा मोबाइल नंबर चौऱ्याण्णव बावीसने सुरू होतो. पुढचे सहा आकडे इथे लिहीत नाही, पण हे पहिले चार पुरेसे आहेत. गेल्या वीस-बावीस वर्षांत महाराष्ट्रात ज्यांनी कुणा शिक्षकाचा, ग्रामसेवकाचा, तालुक्याच्या वार्ताहराचा किंवा आंब्याच्या बागायतदाराचा नंबर डायरीत उतरवून घेतला असेल, त्यांना ते लगेच ओळखू येतील. बीएसएनएलच्या मोबाइलला देशभर चौऱ्याण्णवची मालिका मिळाली आणि महाराष्ट्राच्या वाट्याला त्यातले बावीस आले.

आईला ही सगळी मालिका पाठ आहे. अनोळखी नंबरावरून फोन आला की उचलण्याआधी ती सांगायची, "चौऱ्याण्णव सत्तेचाळीस, केरळ." चौऱ्याण्णव चौदा म्हणजे राजस्थान, चौऱ्याण्णव एकोणीस म्हणजे जम्मू-काश्मीर, चौऱ्याण्णव छत्तीस म्हणजे ईशान्येकडची राज्यं. नंबर कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय जानेवारी २०११ मध्ये देशभर झाली, तेव्हापासून या ओळखीत तसा राम उरलेला नाही. तरी तिची सवय गेलेली नाही. माणूस कुठून बोलतोय हे आधी कळलं पाहिजे, मग पुढचं बोलणं.

तिचं सगळं आयुष्यच या एका प्रश्नात गेलं.

१९८२ साली आई रत्नागिरीच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये, म्हणजे परगावचे कॉल हाताने जोडून देतात तिथे, ऑपरेटर म्हणून लागली. त्याच्या बरोबर शंभर वर्षं आधी, जानेवारी १८८२ मध्ये, मुंबईत पहिलं टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं होतं. हा योगायोग मी तिला सांगितला तेव्हा ती म्हणाली, "शंभर वर्षांत मुंबईहून रत्नागिरीपर्यंतच्या लाईनी मात्र फार वाढल्या नव्हत्या बघ." लाईनी मोजक्या आणि बोलणारे हजार, अशी ती नोकरी होती. १८० फिरवून गिऱ्हाईक कॉल बुक करणार. ऑपरेटर तिकिटावर लिहिणार: कुठून, कुठे, कुणाला, किती वाजता. ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग, हेही. अर्जंटला दुप्पट पैसे, लाइटनिंगला त्याहून कितीतरी जास्त. मग ती तिकिटं रांगेत पडून राहणार आणि लाईन मोकळी झाली की एकेक उचलली जाणार. सकाळी बुक केलेला मुंबईचा कॉल दुपारी लागला तर माणसं खूश असायची.

शाळा सुटल्यावर मी बाहेरच्या बाकावर बसून असायचे. आत जायला मनाई होती, पण दार किलकिलं असलं की बोर्ड दिसायचा. भोकांच्या ओळीच ओळी, प्रत्येक भोकाशी इवलासा दिवा आणि पुढ्यात दोऱ्यांच्या जोड्या. दिवा लागला की एक दोरी त्या भोकात, जोडीतली दुसरी हव्या त्या लाईनीत. कानाला हेडफोन लावलेल्या सहा-सात बाया एका ओळीत बसून हात चालवायच्या. भात लावताना बायांचे हात चालतात तसे ते मला वाटायचे.

प्रत्येक जोडीपाशी एक कळ असायची. ती खाली असेल तर ऑपरेटरला दोन्हीकडचं बोलणं ऐकू यायचं. दोन्ही टोकांना माणूस आला, दोघांना एकमेकांचा आवाज पोचला, की ती कळ वर करायची आणि आपण बाजूला व्हायचं. मधे एकदा तीन मिनिटं झाल्याचं सांगायला तेवढं यायचं. १८८५ च्या तार कायद्यात लोकांचं बोलणं गुप्त ठेवण्याचं बंधन होतंच, पण आई कायद्याचं नाव कधी घेत नसे. ती म्हणायची, "जोडून दिलं ना? मग कळ वर." कुणाचं लग्न मोडलं, कुणाचा मुलगा परीक्षेत आपटला, कोण कुणाकडे पैसे मागत होतं, यातलं तिला काहीबाही कळत असणारच. आमच्या घरात त्यातला एक शब्द कधी आला नाही.

मला आजही थक्क करते ती वेगळीच गोष्ट. रात्री मुंबईहून एखाद्या डॉक्टरांसाठी कॉल यायचा. घरचा फोन वाजून वाजून थांबायचा. दुसरं कुणी तिकिटावर 'उत्तर नाही' असं लिहून मोकळं झालं असतं. आईला ठाऊक असायचं की गुरुवारी डॉक्टर अमक्या वकिलांकडे पत्ते खेळायला बसतात. ती तिकडे दोरी लावायची. मामलेदार कुठल्या बंगल्यावर उतरलेत, कुठल्या शेजाऱ्याच्या फोनवरून कुणाला बोलावून घेता येतं, हे गावातल्या ऑपरेटरांच्या डोक्यात असायचं. व्हिजिटिंग कार्डावर स्वतःच्या नावाखाली शेजाऱ्याचा नंबर आणि पुढे 'पी.पी.' अशी दोन अक्षरं छापायचे दिवस होते ते. शेजाऱ्याचं पोर अंगणातून हाक मारत पळायचं आणि दुसरीकडे मुंबईतल्या माणसाची मिनिटं चालू असायची.

पुढे कॉलेजात मोबाइलची यंत्रणा शिकताना 'होम लोकेशन रजिस्टर' हा शब्द आला आणि मला आईच आठवली. खिशातला मोबाइल आपण बोलत नसतानाही अधूनमधून जवळच्या टॉवरला कळवत असतो, की मी या भागात आहे. आपण दुसऱ्या भागात गेलो की तो पुन्हा कळवतो. आपला नंबर ज्या कंपनीचा, तिच्या एका मोठ्या नोंदवहीत हे टिपलेलं असतं. कुणी आपल्याला फोन लावला की जाळं आधी ती नोंदवही उघडतं, माणूस सध्या कुठल्या भागात आहे ते बघतं आणि मग फक्त तिथल्या टॉवरांना हाक द्यायला सांगतं. गुरुवारी डॉक्टर पत्ते खेळायला कुठे बसतात, हेच ते रजिस्टर. फोनची सगळी कमाल आवाज वाहून नेण्यात आहे असं लोक समजतात. माणूस शोधून काढणं त्याहून अवघड असतं, आणि ते काम आमच्या गावात बायांनी केलं होतं.

तिची नोकरी एकच, पण मालकाचं नाव बदलत गेलं. ती लागली डाक-तार खात्यात. १९८५ मध्ये टपाल वेगळं झालं आणि ती दूरसंचार खात्याची झाली. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये मुंबई आणि दिल्ली तोडून महानगर टेलिफोन निगम निघालं. म्हणजे ज्या मुंबईशी ती दिवसभर बोलायची, ती मुंबई दुसऱ्या घरची झाली. उरलेला देश खात्याकडेच राहिला. मग १ ऑक्टोबर २००० पासून खात्याची कंपनी झाली: भारत संचार निगम लिमिटेड, म्हणजेच बीएसएनएल. डोंगर, बेटं, वाळवंट, सीमेवरची गावं, आदिवासी पाडे, सगळं या कंपनीच्या पदरात. देशातल्या दोन सगळ्यात मोठ्या शहरांची मिळकत मात्र तिच्या हिशेबात नाही. या कंपनीचा पुढचा इतिहास वाचताना ही सुरुवातीची वाटणी विसरू नये असं मला वाटतं.

ट्रंक बोर्ड त्याआधीच मुके होत चालले होते. १९८४ मध्ये देशी टेलिफोन यंत्रणा बनवणारी सी-डॉट ही सरकारी संस्था उभी राहिली, दूरसंचारतज्ज्ञ सॅम पित्रोदांच्या पुढाकाराने. आपल्या धुळीत, आपल्या उन्हात, वातानुकूलनाशिवाय चालेल असं छोटं ग्रामीण एक्स्चेंज तिथल्या तरुण इंजिनिअरांनी तयार केलं. १२८ लाईनींचं. त्यातलं पहिलं १९८६ मध्ये कर्नाटकात कित्तूरला बसलं. अशी यंत्रं गावोगाव गेली, मागोमाग पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले. रात्री उशिरा दर पावपट व्हायचा, म्हणून जेवणं उरकून लोक बूथबाहेर रांग लावायचे. काचेपलीकडे लाल आकडे पळायचे आणि आतल्या माणसाची नजर बोलताना त्या आकड्यांवरच असायची. आता मधे कुणी ऑपरेटर नव्हती. आईच्या ओळीतल्या बायांना प्रशिक्षण देऊन इतर कामांवर पाठवलं. ती काही वर्षं १९७ वर चौकशीला होती, मग ग्राहक सेवा केंद्राच्या काउंटरवर आली.

मोबाइल भारतात आला तो ३१ जुलै १९९५ ला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांना पहिला कॉल केला. पण ते यंत्र बराच काळ बड्या लोकांच्या हातातलं होतं. बोलायला पैसे आणि ऐकायलाही पैसे. प्रत्येक प्रदेशात आधी दोन खासगी कंपन्यांना परवाने मिळाले होते. १९९९ च्या नव्या धोरणाने तिसरं दार सरकारी कंपन्यांसाठी उघडलं, आणि १९ ऑक्टोबर २००२ रोजी लखनौमध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या हस्ते बीएसएनएलची मोबाइल सेवा सुरू झाली. पोस्टपेडचं नाव सेलवन, प्रीपेडचं एक्सेल.

तोवर आई वीस वर्षं नोकरीत होती. त्या दिवसांत तिच्या चेहऱ्यावर जे तेज होतं, ते मी आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही फारसं पाहिलं नाही. फॉर्म घ्यायला लोक सकाळपासून उभे असायचे. खासगी मोबाइल तोवर शहरांत आणि हमरस्त्यांवर होता. आता तालुक्याच्या गावाला, बाजारपेठेला, खाडीकाठच्या वाडीला मोबाइल मिळणार होता. राजापुराकडची एक म्हातारी दोन एसटी बदलून आली होती. सिमकार्ड तळहातावर घेऊन तिने आईला विचारलं, "बाय, ह्याच्यातसून माजो झील बोलतलो मां?" आईने काउंटरवरून बाहेर येऊन तिच्या शेजारी बसून तिला सगळं समजावलं. आजी, हा तुमचा नंबर. उद्या हे यंत्र बिघडलं, दुसरं घेतलं, तरी नंबर हाच. मुलाला सांगा पाठ करायला. रात्री घरी आल्यावर आई तेच परत परत सांगत होती. आजवर फोन घराला असायचा, दुकानाला असायचा, आता तो माणसाला असणार. ती म्हणाली, "आता पी.पी. गेलं बघ."

मे २००३ पासून फोन ऐकण्याचे पैसे बंद झाले. जो लावेल त्याने पैसे द्यायचे असा नियम आला. कोकणातल्या घरांसाठी यासारखी दुसरी गोष्ट झाली नाही. मुंबईच्या चाकरमान्याने लावायचा, गावच्या आईने नुसता उचलायचा. खरवडायची कूपनं किराणा दुकानात आली. मग १ मार्च २००६ ला 'वन इंडिया' योजना आली. देशात कुठूनही कुठेही एक रुपयात एक मिनिट. रत्नागिरीहून श्रीनगरला एक रुपया आणि चिपळूणलाही एक रुपया. ज्या बाईने आयुष्यभर तिकिटांवर अंतराप्रमाणे पैसे मांडले होते, तिला हे पचायला वेळ लागला. लांबी-रुंदीच संपली, असं तिचं म्हणणं. एकच खाच राहिली होती. मुंबई हे वेगळं सर्कल, म्हणजे फोन परवान्याचा प्रदेश, महाराष्ट्र आणि गोवा हे वेगळं. कोकण रेल्वेची गाडी मुंबईच्या हद्दीत शिरली की गावच्या नंबरांना रोमिंग लागायचं आणि डब्यात लोक घाईने फोन आटपायचे. जून २०१५ मध्ये बीएसएनएलने देशभर रोमिंगमध्ये येणारे कॉल मोफत केले. त्याआधीच्या महिन्यापासून लँडलाईनवरून रात्री नऊ ते सकाळी सात कुठेही मोफत बोलता येऊ लागलं होतं. घराघरातल्या धूळ खात पडलेल्या डब्यांवर आज्या पुन्हा बोलत बसल्या.

पण तोवर कंपनी खचली होती, आणि हे मला मोकळेपणाने लिहायचं आहे. सेवा मागे पडली, गिऱ्हाइकं गेली. लोक म्हणतात, सरकारी आहे, आणखी काय होणार. इतकं सोपं उत्तर मला पटत नाही.

२००४-०५ मध्ये याच कंपनीने दहा हजार कोटींहून अधिक नफा कमावला होता. तेव्हाही कामगार तेच होते, मालक सरकारच होतं. खेड्यापाड्यांत फोन चालवण्याचा तोटा भरून काढायला इतर कंपन्यांकडून एक भरपाई मिळायची. ती टप्प्याटप्प्याने कमी होत २००८ मध्ये थांबली. खेड्यातली जबाबदारी मात्र थांबली नाही. मोबाइलची मागणी सगळ्यात जोरात होती त्या वर्षांत जाळं वाढवण्याचे मोठे कंत्राटी व्यवहार कोर्टकचेऱ्यांत आणि वादांत अडकले, ९.३ कोटी लाईनींची एक प्रचंड निविदा २०१० मध्ये रद्दच झाली. बाजारात शर्यत चालू असताना ही कंपनी परवानगीच्या फायली धरून उभी होती. त्याच वर्षी थ्रीजी आणि ब्रॉडबँडच्या लहरींचा, म्हणजे स्पेक्ट्रमचा, लिलाव झाला. बीएसएनएलने बोली लावली नव्हती, पण लिलावात जो भाव निघाला तो तिला तिच्या सगळ्या सर्कलांसाठी भरावा लागला. साडेअठरा हजार कोटींच्या घरात. खजिना तिथेच रिता झाला. २००९-१० पासून ताळेबंदात तोटा आला आणि मुक्कामाला राहिला. २०१६ मध्ये देशभर फोरजीचा पूर आला तेव्हा या कंपनीकडे त्यासाठीच्या लहरीच नव्हत्या. त्या द्यायचं ठरलं ऑक्टोबर २०१९ मध्ये. एकीकडे समाजसेवा तुझी म्हणायचं आणि दुसरीकडे बाजारात जिंकून दाखव म्हणायचं, तेही हात बांधून. एखाद्या घरात थोरल्या मुलाचं जसं होतं तसं तिचं झालं. धाकट्यांना शिकवायचंही त्यानेच आणि मागे पडला म्हणून बोलणीही त्यालाच.

त्या कठीण वर्षांतही हिच्याकडे कुठली कामं येत होती ते बघा. माओवादी भागात मोबाइल पोचवायला केंद्राने २०१४ मध्ये मंजुरी दिली. दोन हजारांहून अधिक टॉवर उभारायचे होते आणि ते उभारले बीएसएनएलने. आपल्या गडचिरोलीतही. त्या जिल्ह्यात टॉवर जाळल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत. जिथे टॉवर उभा करणाऱ्याला जिवाची भीती आणि उभा राहिल्यावर मिळकत नाममात्र, तिथे निविदा भरायला कोण रांगेत असणार होतं? १४ जुलै २०१३ रोजी देशातल्या शेवटच्या तारा स्वीकारल्या गेल्या. ते तारघर बंद करण्याचं कामही याच कंपनीच्या वाट्याला आलं.

ऑक्टोबर २०१९ मध्ये कंपनीला सावरायला सरकारने जे पॅकेज दिलं, त्यात स्वेच्छानिवृत्तीही होती. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी. आईने रात्रभर विचार करून अर्ज भरला. ३१ जानेवारी २०२०, शुक्रवार. त्या एका दिवशी देशभरातून ७८ हजारांहून अधिक माणसं बीएसएनएलमधून बाहेर पडली, एकूण कर्मचाऱ्यांच्या निम्मी. गुलाबाचं फूल, नारळ, शाल, आणि ज्यांनी निरोपाची भाषणं करायची तेही निरोप घेणारेच. कुठली केबल कुठल्या वडाच्या मुळाखालून गेली आहे, कुठल्या खांबावर चढताना कुठे पाय ठेवायचा, हे ज्यांना नकाशाशिवाय माहीत होतं ते लाईनमन त्या संध्याकाळी एकदम घरी गेले. पगाराचा बोजा हलका झाला, हे हिशेबात दिसतं. त्यांच्यासोबत काय गेलं ते मांडायला वहीत रकानाच नव्हता.

चार महिन्यांनी, ३ जूनला, निसर्ग वादळ आलं.

रत्नागिरी शहर तसं वाचलं. मंडणगड, दापोली आणि वर रायगडचा किनारा मोडून पडला. माड, पोफळी, छपरं, विजेचे खांब. फोन दिवसचे दिवस मुके. आईची एक जुनी मैत्रीण, तिच्याच ओळीतली ऑपरेटर, दापोलीच्या पलीकडे एका गावात राहायची. तिचा मुलगा पुण्यात आणि तेव्हा टाळेबंदी. त्याने आईला फोन केला, "मावशी, आईचा काही पत्ता लागत नाही." आईने वही घेतली, रेघा मारल्या आणि रकाने पाडले: कुठून, कुठे, कुणाला, किती वाजता. मी बघत राहिले. ते तिकीटच होतं.

ती दोन दिवस फोनपाशी बसली. गावाचा फोन बंद, तर गावाला जाणारा दूधवाला कुठल्या गावचा? त्याच्या शेजारगावात कुणाचा फोन लागतो? दापोलीत कुठल्या बँकेचा माणूस तिकडे राहतो? रस्ता मोकळा करायला गेलेल्या पोरांपैकी कुणाचा मामा ओळखीचा? एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, दोऱ्या लावत गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी एक मुलगा दुचाकीवरून डोंगराच्या खांद्यावर आला, जिथे अंधूक रेंज होती, आणि त्याने सांगितलं: बाई ठीक आहेत, घराची कौलं उडाली, गाय वाचली. आईने पुण्याला फोन लावला. मुलगा ऐकून रडायला लागला, तशी तिने निरोप शब्दाला शब्द सांगितला आणि लगेच फोन ठेवला. तोवर आई माणसांचा पत्ता लावून देते ही बातमी फुटली होती. पुढच्या आठवड्यात त्या वहीची अकरा पानं भरली, बहुतेक अनोळखी माणसांच्या कॉलनी. काही नावांपुढे शेवटपर्यंत काही लिहिता आलं नाही. ती पानं तिने फाडलेली नाहीत.

त्याच पावसाळ्याच्या सुरुवातीला बीएसएनएलची फोरजीची निविदा रद्द झाली. परदेशी, त्यातही चिनी, यंत्रसामग्री नको. देशातच बनलेली हवी, असं ठरलं. पुन्हा थांबा. माझा धीर तेव्हा सुटला होता, हे कबूल करते. जगात मोजक्याच कंपन्या ही यंत्रणा बनवतात, ती आपण शून्यातून बनवायची आणि तोवर ही कंपनी टूजी-थ्रीजीवर तग धरणार, हे मला अशक्य वाटलं होतं. टाटा कन्सल्टन्सी, तेजस नेटवर्क्स आणि सी-डॉट यांनी मिळून ती बनवली. टॉवरवरची उपकरणं तेजसची, आतला गाभा सी-डॉटचा, जोडणी टाटा कन्सल्टन्सीची. सी-डॉट म्हणजे तेच, कित्तूरच्या १२८ लाईनींवालं. २७ सप्टेंबर २०२५ ला ओडिशात झारसुगुड्याला पंतप्रधान नरेंद्र मोदींनी ९७,५०० हून अधिक टॉवरांचं हे देशी जाळं देशाला अर्पण केलं, तेव्हा आम्ही दोघी टीव्हीसमोर होतो. कंपनीला पंचवीस वर्षं होत होती. आईने सी-डॉटचं नाव ऐकलं आणि म्हणाली, "आमचे बोर्ड ह्यांनीच घालवले." मग जरा थांबून म्हणाली, "बरं झालं."

मधल्या जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले आणि त्या एका महिन्यात बीएसएनएलकडे सुमारे २९ लाख ग्राहक वाढले. त्यातले कितीतरी पुढे परतही गेले असतील. पण दर वाढले की जायला एक दार उघडं असणं, याचा उपयोग त्या दारातून कधीच न जाणाऱ्यालाही होतो. राष्ट्रीय कंपनी कशाला हवी असं मला कुणी विचारलं तर मी आधी हे सांगते आणि मग आईच्या माहेरचं सांगते.

आईचं माहेर राजापूर तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याकडे. घरं खाली, वहाळाच्या अंगाने, वर सडा. सड्यावर, देवळामागे, एक मोठा काळा कातळ आहे. गावात कुणाचीच रेंज यायची नाही, फक्त त्या कातळावर यायची. 'रेंजचा कातळ' हे त्याचं नावच पडलं. मामाने आंब्याचे सौदे तिथून केले. टाळेबंदीत पोरांनी छत्र्या धरून तिथे शाळा केली. अपघात झाला, साप चावला, तर एकाने माणसाला उचलायचं आणि दुसऱ्याने कातळाकडे धावायचं. आजी गेली तेव्हा आईला कळवायला मामा रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन तिथे चढला होता.

जुलै २०२२ मध्ये केंद्राने फोरजी न पोचलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली. राबवणार बीएसएनएल. इतक्या गावांमध्ये आपलं गाव कधी येणार, असं मामा म्हणायचा. गेल्या वर्षी आलं. टॉवर उभा राहिला आणि वहाळाकाठच्या माजघरात फोन वाजला. पहिला कॉल मामीने आईला केला, चुलीपुढे बसून, आणि आईला फक्त चुलीचा आवाज ऐकायचा होता.

दिवाळीत आम्ही दोघी गेलो. संध्याकाळी आई म्हणाली, कातळावर जाऊन येऊ. आता तिथे कोण असणार, असं मला वाटलं; घरोघरी रेंज आहे. चढ संपत आला तसं वळणावरून दिसलं. कातळावर चार जणी होत्या, गावातल्या सुना. एकमेकींपासून लांब, ज्याच्या त्याच्या जागेवर, कानाला फोन लावून. एक पाठमोरी बसून हळू आवाजात बोलत होती. एक पदराने डोळे पुसत होती. एक हसत होती, अगदी मोकळी, खाली घरात कुणी तिला तसं हसताना पाहिलं नसेल. माहेरी बोलत असतील, मैत्रिणीशी बोलत असतील. घरात रेंज आली होती, पण घरात सासू होती, दीर होता, माजघराला दार नव्हतं.

वाऱ्याबरोबर त्यांचे शब्द आमच्यापर्यंत येऊ लागले होते. मी पुढे पाऊल टाकलं, तसा आईने माझा हात धरला. क्षणभर ती तशीच उभी राहिली, मग वळली आणि मला घेऊन पायवाटेने खाली उतरू लागली.